पाण्यात पाहणं

माझा भाऊ ओरेस्ट रात्री बर्फ ढकलायला जातो,
नगरपालिकेचा पिवळा नांगर घेऊन,
आणि निघताना फ्रिजवर चिठ्ठी डकवतो:
वरची जाळी खाली नको.
खालची बादली वर नको.
हात कोपरापर्यंत धू, स्टेफका.
ईस्टरच्या स्वयंपाकालाही आमच्या घरात
इतकं सोवळं कधी पाळलं नव्हतं.

विनिपेगहून कुठल्याही दिशेला निघा,
समुद्र दिवसभराच्या पलीकडेच.
तरी आमच्या तळघरात मीठ तोललं जातं,
एक डोळा मिटून
नळीतल्या निळ्या रेषेवर खारेपणा वाचला जातो.

खालची टाकी बोडकी. ना वाळू, ना दगड.
वाळूत रोग लपतो म्हणे.
लपायला प्लंबरच्या दुकानातले पांढरे पाइप,
आणि त्यातल्या एकात बोटाएवढा फायरफिश,
बारा गावचं पाणी प्यायलेला:
फिलिपिन्सचा खडक, मनिलाची पिशवी,
लॉस एंजेलिसचं गोदाम,
शेवटी रोडेल माकाराएगचं दुकान.
तो तीनदा खाताना दिसला
तेव्हा कुठे ओरेस्टनं पैसे मोजले.

चार वर्षांपूर्वी त्यानं एक पिवळा टँग थेट वर सोडला होता.
दिसायला ठणठणीत.
आठव्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर
मीठ शिंपडल्यासारखे ठिपके.
अकरा मासे गेले.
सगळ्यात शेवटी क्लाउनफिशची मादी, नऊ वर्षांची,
त्याच्या बोटांतून खाणारी.
हे मला रोडेलनं सांगितलं.
ओरेस्ट आणि मी तेव्हा बोलत नव्हतो.
(आईच्या घराचे पैसे. जाऊ दे.)

आता तो वही घेऊन पत्रिका जुळवतो,
कोण कोणाला पाण्यात पाहतं त्याची.
सहा पट्ट्यांचा रास देखणा, पण खुनशी. काट.
गोबी दोन? दोघंही नर निघाले तर? काट.
मँडरिन त्याला फार हवा होता,
पण तो जिवंत किड्यांवरच जगतो,
आपल्याकडे उपाशी मरेल.
त्यावर काट मारायला त्याला एक आठवडा लागला.
भित्र्यांना आधी जागा द्यायची, दांडग्यांना शेवटी:
हा नियम तो मला समजावून सांगतो.
शाळेच्या कँटीनमध्ये तीस वर्षं वाढलंय मी.

पहाटे तीनला टॉर्च घेऊन खाली उतरते.
सव्विसाव्या दिवशी शेपटीजवळ एक कण.
बुडबुडा असेल. कचरा असेल.
चार दिवसांवर आलं होतं सगळं,
गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं.
तो आला, मिशीत बर्फ, बूट न काढताच उभा.
सांगितलं.
कॅलेंडरवरच्या सव्वीस फुल्या त्यानं खोडल्या नाहीत.
शेजारी नवा एक आकडा काढला
आणि तांब्याच्या औषधाचे थेंब मोजायला बसला,
ओठ हलवत, लहानपणी मोजायचा तसा.

नोव्हेंबरात मी दोन सुटकेस घेऊन आले
तेव्हा माझी खाट याच तळघरात होती.
वरची खोली आवरायचीय, म्हणाला.
आवरायला सहा आठवडे लागले.
रोज पायरीवर बीटचं सूप ठेवून जायचा,
आणि तासाभरानं परत येऊन
वाडगा उचलायच्या आधी
आत डोकावून बघायचा.

आज दुसऱ्या मोजणीचा तिसावा दिवस.
टाकीवर जाळीचं झाकण ठोकलंय,
हा मासा घाबरला की उडी मारतो.
दिवे मालवले. पेला कलता केला.
तो सरळ दगडाच्या फटीत.
नवी क्लाउनची जोडी आली,
मोठी होती ती थोडी जास्तच जवळ गेली,
थांबली,
शेपूट फिरवली.
"बघू," ओरेस्ट म्हणाला.

मग त्याचा फोन वाजला, पेंबिना रस्त्यावर पुन्हा बर्फ.
तो गेला. आज फ्रिजवर चिठ्ठी नाही.
मी स्टूल ओढून घेते
आणि अंधारात
पाण्यात पाहत बसते.